हळदीच्या हातांचा नवरा

ताई,

मी सांगलीचा. वय ४६. हळदीचं अडत दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. बायको ४१ वर्षांची, घरी शिकवण्या घेते. मुलगी अकरावीत. लग्नाला १८ वर्षं झाली.

दोन महिन्यांपूर्वी मुलीच्या टॅबवर बायकोचं एक खातं उघडं राहिलं होतं. त्यातून कळलं की ती टोपणनावाने कथा लिहिते. दर शुक्रवारी रात्री एक भाग, आत्तापर्यंत ३६ झालेत. नदीकाठच्या गावातली लग्न झालेली बाई, तिचा व्यापारी नवरा आणि पूररेषा मोजायला आलेला एक इंजिनियर. त्या दोघांचं जमतं. मग नवऱ्याला संशय येतो, पाळत, निनावी चिठ्ठ्या, रात्रीचा पाठलाग. मधेमधे त्या दोघांचं जे वर्णन आहे ते मी इथे लिहू शकत नाही.

ताई, तो नवरा मी आहे. त्याच्या नखांत हळद असते. तो जेवताना मोबाईलवर भाव बघतो. 'मीठ दे' याच्यापुढे बोलत नाही. एका भागात तो झोपल्यावर बायको त्याचा हात उचलून वास घेते आणि परत ठेवून देते. इतकं हिणवायचं? तेव्हापासून मी दुकान बंद करताना लिंबाने हात घासून निघतो.

त्यांचं सुरू होतं ते पुराच्या रात्री. २०१९च्या पुरात मी दोन रात्री गणपती पेठेतल्या गोदामात होतो, हमालांबरोबर पोती वर चढवत. ती आणि मुलगी घरी वरच्या मजल्यावर. त्या दोन रात्री तिथे कोण होतं?

मी खोट्या नावाने खातं काढलं आणि कथेखाली लिहिलं, 'हे अनुभवल्याशिवाय लिहिता येत नाही.' तिने उत्तर दिलं. मग मेसेज सुरू झाले. ती त्या माणसाशी किती मोकळं बोलते! मला राग येतो. आणि ते भाग वाचताना दुसरंही काही होतं, ते सांगायची लाज वाटते. आमच्यात कित्येक महिन्यांत तसं काही नाही.

चुलतभाऊ वकील आहे. त्याला निम्मंच सांगितलंय. तो म्हणतो स्क्रीनशॉट काढून ठेव, घटस्फोटाला लागतील. माझ्या मनात वेगळं आहे. त्या खोट्या नावाने तिला कोल्हापूरला भेटायला बोलवायचं. आली तर कळेलच. बोलवू का? एकदा खरं कळलं की मी शांत होईन. परवा रात्री स्वयंपाकघरात एकटा उभा होतो, हात थरथरत होते. वडील नानावटीची गोष्ट फार रंगवून सांगायचे, ती आठवत होती. चांगल्या घरातली बाई असं लिहिते का, ताई?

एक वाचक, सांगली

* * *

नमस्कार भाऊ,

नका बोलवू. बाकीचं मी सावकाश लिहिणार आहे, पण तुमचं पत्र हातात पडेपर्यंत मधे एक शुक्रवार गेला आहे, म्हणून हे सगळ्यात आधी.

समजा तुम्ही बोलावलंत आणि ती आली. कोल्हापूरच्या कुठल्याशा हॉटेलात, चांगली साडी नेसून, दाराकडे बघत बसली आहे, आणि दारातून तुम्ही आत येता. तुम्हाला काय कळलं? दोन महिने जो माणूस तिचं लिखाण ओळ न ओळ वाचतोय, तिला प्रश्न विचारतोय आणि उत्तराची वाट बघतोय, त्याला एकदा भेटावं असं तिला वाटलं, एवढंच. आता समजा ती आली नाही. तर तुम्ही म्हणाल, सावध झाली. किंवा म्हणाल, आधीचा आहे ना, मग हा कशाला हवा. दोन्हीकडून माप संशयाच्याच पोत्यात पडतं. तुम्ही व्यापारी आहात. काटा दोन्ही बाजूंना एकच वजन दाखवत असेल तर त्यावर सौदा करायचा नसतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

आणि त्या हॉटेलात तिने तुम्हाला दारातून येताना बघितलं की तो क्षण पुसता यायचा नाही. पुढे ती निर्दोष ठरली तरीही.

एक गोष्ट स्पष्ट लिहिते, रागावू नका. तुमच्या घरात या घडीला एक फसवणूक चालू आहे आणि तिचा पुरावाही आहे. ती तुमची आहे. तिने काही केलं असेल किंवा नसेल, मला माहीत नाही. तुम्ही मात्र खोटं नाव घेऊन तिच्या मनात शिरलात आणि ती जे परक्याला म्हणून सांगते ते रोज ऐकताय. तुम्ही हे दुष्टपणे केलं असं मला वाटत नाही. घाबरलेला माणूस अंधारात हात घालतो, तसं तुमचं झालं. पण त्या नावाने आज रात्रीपासून एकही अक्षर लिहू नका. खातं लगेच पुसूही नका. ते गुपचूप नाहीसं झालं तर तुमच्या दोघांत आणखी एक न सांगितलेली गोष्ट राहील. ते तुम्ही तिला स्वतःच्या तोंडाने सांगायचं आहे. कसं, ते पुढे लिहिते.

आता पुरावा. तुमच्या सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनी संशयावर आख्खं नाटक लिहिलं. आधी १८९३मध्ये गद्य, तसबिरीचा घोटाळा म्हणून, आणि पुढे १९१६मध्ये 'संगीत संशयकल्लोळ'. लोक ते हसण्यासाठी बघतात. मी चार वेळा बघितलं आणि दर वेळी मध्यावर मला हसू येईनासं झालं. रस्त्यात पडलेली एका पुरुषाची तसबीर कृत्तिकेच्या हाती लागते. ती तसबीर न्याहाळत असताना तिचा नवरा फाल्गुनराव तिला बघतो. बस. तिथून पुढे त्याला प्रत्येक गोष्टीत तोच पुरुष दिसायला लागतो. यात खोटं काही नसतं, हे लक्षात घ्या. तसबीर खरी असते, तसबिरीतला माणूस खरा असतो, ती कृत्तिकेच्या हातात होती हेही खरं असतं. सगळे तुकडे खरे आणि त्यांची जुळणी मात्र चुकलेली. तुमच्या हातात आज अशीच एक तसबीर आहे. फरक एवढाच की ती तुमच्या बायकोने स्वतः रंगवली आहे.

म्हणून ती निर्दोष आहे असं मी तुम्हाला सांगणार नाही. सांगलीत न येता, तिच्याशी न बोलता, ते मला कसं कळणार? पण तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि एक गोष्ट मला खटकत राहिली. तुम्ही लिहिता, मला राग येतो. वाचणाऱ्याला वाटेल, तो त्या इंजिनियरचा. प्रत्यक्षात पत्रात त्या इंजिनियरबद्दल किती आहे? एक ओळ. तो कसा दिसतो, कसा बोलतो, काही नाही. आणि नवऱ्याबद्दल? त्याची नखं, त्याचा मोबाईल, त्याचं मीठ, त्याचा झोपेतला हात. तुम्हाला जे लागलंय ते तिथे लागलंय. बायकोने कथेत कुणावर तरी प्रेम केलं हे तुम्ही कदाचित पचवलं असतं. तिने तुम्हाला इतकं बारकाईने बघितलंय आणि तरीही तुमच्याशी एक शब्द बोललेली नाही, हे पचत नाहीये.

तो हाताचा प्रसंग. तुम्ही त्याला हिणवणं म्हणता. मी कथा वाचलेली नाही, तुम्ही सांगितलं तेवढंच माझ्याजवळ आहे. पण जिला किळस येते ती बाई झोपलेल्या माणसाचा हात उचलून नाकाशी नेत नाही. १८ वर्षं एका वासाशेजारी झोपलेली बाई नेते. नवरा जागा असताना हा हात आपल्याकडे येत नाही हे जिला ठाऊक आहे, ती नेते. त्यात दुःख असेल, राग असेल, ओढही असेल. तिरस्कार मला तरी दिसत नाही.

आता पुराकडे येते, कारण तुमच्या संशयाचं मूळ तिथे आहे असं तुम्हीच म्हणता.

२०१९च्या ऑगस्टमधल्या त्या पुरानंतर मी काही दिवस तुमच्या भागात होते, बायकांशी बोलायला. भांडीकुंडी, कागदपत्रं, जनावरं, कर्ज, हे सगळं त्या सांगायच्याच. पण बसता बसता, चहा झाल्यावर, बऱ्याच जणी पायऱ्यांवर यायच्या. वीज नाही, फोन बंद, आणि जिन्याच्या पायऱ्या एकेक करून पाण्याखाली जाताना बघायच्या. आता सात राहिल्या, आता सहा. एकीने मला सांगितलं की तिने पायरीवर खडूने रेघ मारली होती आणि रात्रभर दर थोड्या वेळाने बॅटरी मारून ती रेघ दिसते का ते बघत होती. मूल झोपलंय आणि आपण रेघ बघतोय. या बायका पुढे नवऱ्यांना, सासूला, शेजारणीला काय म्हणाल्या? 'झालं ते झालं.' कारण तेव्हा घराघरांत प्रश्न एकच होता, किती नुकसान झालं?

तुम्ही गोदामात होतात ते चैन म्हणून नव्हे. ती पोती भिजली असती तर घर बसलं असतं. तुम्ही कंबरभर पाण्यात उभे राहून जे वाचवलं ते तिघांचं होतं. याबद्दल तुम्हाला दोष द्यायचं माझ्या मनातही नाही. पण तुम्ही विचारता, त्या दोन रात्री तिथे कोण होतं? मला पत्रावरून एवढंच सांगता येतं की कोण नव्हतं.

आणि मग तिने आपल्या नायिकेला प्रियकर दिला तो कोण? कवी नाही, गायक नाही, श्रीमंत नाही. पूररेषा मोजणारा. घरोघर जाऊन भिंतीवरचा डाग बघणारा आणि विचारणारा माणूस, पाणी कुठवर आलं होतं? भाऊ, मी तुमच्या जागी असते तर या एका गोष्टीपाशी थांबले असते. ज्या बाईला सहा वर्षं हा प्रश्न कुणी विचारला नाही, तिने तो विचारणारा एक पुरुष तयार केला आणि त्याला आपल्या नायिकेच्या अंथरुणात घेतलं. मी चुकत असेन. खराखुरा कुणी असेलही. पण त्या रात्री तिथे कोण होतं हे शोधत तुम्ही दोन महिने घालवलेत, आणि ती एकटी वर काय करत होती हे मात्र विचारलेलं नाही. सहा वर्षांतही नाही.

तुम्हाला वाचताना जे 'दुसरं काही' होतं, त्याची लाज बाळगू नका. मत्सर आणि वासना अगदी शेजारी राहतात, त्यांच्यातली भिंत कच्ची असते. रोजच्या सवयीने ज्या बाईकडे आपण बघायचं थांबवलेलं असतं, तिच्याकडे दुसरा कुणी बघतोय म्हटल्यावर ती एकदम दिसायला लागते. माझ्याकडे येणाऱ्या जोडप्यांपैकी अनेकांनी हे दबक्या आवाजात सांगितलंय, पुरुषांनी आणि बायकांनीही. यात विकृती नाही. धोका वेगळा आहे. ही चटक लागते. तुम्ही दर शुक्रवारी रात्री नव्या भागाची वाट बघता, ते निव्वळ पुराव्यासाठी आहे असं तुम्हालाही वाटत नसणार. संशय जिवंत ठेवण्यात तुम्हाला आता काहीतरी मिळतंय. म्हणून तो संपवण्यापेक्षा कोल्हापूरसारखे नवे भाग रचावेसे वाटतात. तिने ३६ भाग कथेत लिहिले. तुम्ही ३७वा प्रत्यक्षात लिहायला निघालात.

'चांगल्या घरातली बाई असं लिहिते का?' लिहिते. मराठीत हा प्रश्न जुना आहे आणि तो लिहिणाऱ्याला कोर्टापर्यंतही घेऊन गेला आहे. मी जे हे सदर लिहिते त्याची वाट रघुनाथ धोंडो कर्व्यांनी पाडली. १९२७ ते १९५३, मरेपर्यंत, त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४मध्ये त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरला, कर्वे हटले नाहीत. पुढे चंद्रकांत काकोडकरांच्या 'श्यामा'वर खटला झाला. ती १९६२च्या दिवाळी अंकात छापून आलेली कथा, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १९६९मध्ये न्यायालयाने ती अश्लील नाही असा निकाल दिला. म्हणजे शरीराबद्दल लिहिणं आणि चारित्र्य घसरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याकडे बऱ्याच आधी ठरलंय. त्यात बाईने लिहिलं की आपल्याला वाटतं हे ती जगली असणार. खुनाच्या कथा लिहिणाऱ्याला आपण विचारत नाही की किती मारले. ४१ वर्षांच्या बाईच्या अंगात इच्छा आहे, आणि ती शब्दांत मांडायची ताकद आहे. तुमच्या घरात हे आहे हे तुम्हाला आजवर माहीत नव्हतं, एवढंच.

तुमच्या चुलतभावाने दिलेला सल्ला मात्र मला पटला नाही. पूर्वी भारतीय दंड संहितेत कलम ४९७ होतं. त्यात तक्रार करायचा हक्क नवऱ्याला आणि गुन्हेगार फक्त तो परपुरुष. बायकोचा स्वतःचा विचार त्या कलमात कुठेच नव्हता, जणू ती कुणाच्या तरी मालकीची वस्तू. सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ला ते रद्द केलं आणि १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या न्याय संहितेतही ते नाही. हिंदू विवाह कायद्यात व्यभिचार हे घटस्फोटाचं कारण अजून आहे, पण तो सिद्ध करावा लागतो, आणि टोपणनावाने लिहिलेली कथा म्हणजे व्यभिचाराचा पुरावा नव्हे. उलट ते स्क्रीनशॉट नातेवाइकांच्या ग्रुपवर गेले किंवा 'सगळ्यांना दाखवीन' असं तुम्ही तिला म्हणालात, तर बायकोच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवणं कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५च्या कायद्यात छळ म्हणून मोजलं जातं. कायदा बाजूला ठेवा. तिचं टोपणनाव हे तिचं कपाट आहे. ते उघडं सापडलं, तुम्ही आत बघितलंत, झालं. आता त्यातलं सामान रस्त्यावर आणू नका. चुलतभावाला सांगा की हा विषय तू विसर.

थरथरणाऱ्या हातांबद्दल. पत्रातलं हे वाक्य वाचून मी खुर्चीतून उठले होते.

वडील तुम्हाला नानावटीची गोष्ट रंगवून सांगायचे. बहुतेकांचे वडील रंगवूनच सांगायचे. रुबाबदार नौदल अधिकारी, पिस्तूल, आठ विरुद्ध एक असा ज्यूरीचा कौल आणि बाहेर गर्दी. न रंगवता ती अशी आहे. २७ एप्रिल १९५९ला मुंबईत नानावटींच्या बायकोने, सिल्व्हियाने, नवऱ्याला स्वतःच्या तोंडाने सांगितलं की प्रेम अहुजा या माणसाशी माझे संबंध आहेत. म्हणजे जे 'खरं' तुम्हाला हवंय ते नानावटींना मिळालं होतं, पाळत न ठेवता, सापळा न लावता. ते शांत झाले का? बायकोला आणि मुलांना त्यांनी मेट्रो सिनेमापाशी सोडलं, जहाजावर जाऊन पिस्तूल घेतलं आणि प्रेम अहुजांना त्यांच्या घरात गोळ्या घातल्या. ज्यूरीने सोडलं तरी उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६१मध्ये ती कायम केली. १९६४मध्ये माफी मिळाली, पुढे ते कुटुंब देश सोडून कॅनडाला गेलं. मला नेहमी त्या सिनेमागृहातल्या मुलांची आठवण येते. पडद्यावर चित्र चालू आहे आणि बाहेर काय होतंय त्यांना माहीत नाही. तुमची मुलगी अकरावीत आहे.

'खरं कळलं की शांत होईन' या तुमच्या वाक्यावर माझा विश्वास नाही, तो यामुळे. शांत आधी व्हावं लागतं. रात्री झोप लागत नसेल, दारू वाढली असेल, हात पुन्हा थरथरले, तर १४४१६ वर फोन करा. ती सरकारची टेलि-मानस सेवा आहे, दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. मनोविकारतज्ज्ञांकडे जायलाही कचरू नका. संशय कधीकधी आजाराचं रूप घेतो, त्यावर औषध असतं, आणि दारूने तो हमखास चिघळतो. आणि परत कधी स्वयंपाकघरात तसे उभे राहिलात तर घराबाहेर पडा. लगेच, चपला न घालता, जसे आहात तसे.

एक माझं सांगते. १९८८मध्ये मी माझ्या नवऱ्याची वही वाचली. त्यात एक नाव होतं, त्याच्या ऑफिसातल्या बाईचं. नऊ महिने मी गप्प राहिले. त्याचे खिसे तपासले, बसची तिकिटं जपून ठेवली, त्या बाईच्या घरावरून चालत गेले. शेवटी एका दुपारी विचारलं. नाव खरं होतं. त्याला तिच्याबद्दल काही वाटलं होतं, त्याने ते तिला कधी सांगितलं नव्हतं, आणि मी वही वाचली तोवर ते ओसरलंही होतं. तो रडला, मी रडले. मग तो म्हणाला, 'नऊ महिने तू माझ्याशेजारी जागी होतीस?' त्या बाईचं नाव आमच्या भांडणात पुन्हा कधी आलं नाही. ते नऊ महिने मात्र अनेकदा आले, अगदी शेवटच्या आजारपणापर्यंत. तुमचे अजून दोनच झालेत. म्हणून घाई करतेय.

सांगायचं कसं? शुक्रवारी रात्री नको, झोपायच्या खोलीत नको. दुकान एक दिवस हमालांच्या मुकादमावर सोडा आणि सकाळी तिला हरिपूरला घेऊन जा, संगमावर. माणसांची ये-जा असते, त्यामुळे आवाज चढला तरी आटोक्यात राहील, आणि गप्प बसायला समोर नदी आहे. आधी स्वतःचं सांगा, सगळं, एका दमात. तुझी कथा मी वाचली. चोरून वाचली. अमुक नावाचा जो वाचक तुला लिहितो तो मी आहे. हे ऐकून ती उठून जाईल, ओरडेल, कदाचित कित्येक दिवस बोलणार नाही. तो तिचा हक्क आहे. त्यावर 'पण तूही' असं म्हणू नका. तिचा राग खाली बसेपर्यंत तुमचा प्रश्न थांबवून ठेवा, भले पंधरा दिवस लागोत. तिने खातं बंद केलं तर करू दे. लिहायचं थांबवलं तर मात्र म्हणा की थांबवू नकोस, मला पुढचा भाग वाचायचाय, तू दिलास तर.

कदाचित ती म्हणेल, हो, कुणीतरी होतं. किंवा आहे. तसं झालं तर त्या दिवशी काहीच ठरवू नका. घर सोडायचं नाही, तिला सोडायला लावायचं नाही, मुलीला मधे घ्यायचं नाही. दोघं मिळून एखाद्या समुपदेशकाकडे जा. लग्न टिकवायचं की संपवायचं हे त्यानंतर. संपवायचंच ठरलं तरी ते संमतीने, सन्मानाने संपवता येतं, आणि त्यासाठी स्क्रीनशॉट लागत नाहीत. मला पुन्हा लिहा, मी उत्तर देईन.

आणि बोलायची वेळ येईल तेव्हा 'कोण होता तो?' याने सुरुवात करू नका. तो प्रश्न तिला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करेल आणि पिंजऱ्यातून माणूस फक्त हो किंवा नाही म्हणतो. त्या दोन रात्रींबद्दल विचारा. पाणी कुठवर आलं होतं? किती पायऱ्या राहिल्या होत्या? पोरगी झोपली होती का? तू काय खाल्लंस? एवढं विचारा आणि ती जितका वेळ सांगेल तितका वेळ ऐका, मोबाईल दुकानात ठेवून.

ते लिंबाने हात घासणंही थांबवा. तसेच घरी जा.